एक प्रत दुसऱ्या घरात

आपल्या वस्त्यांत संगणक ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. वाळूज नाहीतर चिकलठाण्याच्या कारखान्यात शिफ्ट करणाऱ्या बापाने हप्त्यावर घेतलेला असेल, किंवा कुठल्याशा कार्यालयाने काढून टाकलेला जुना संच दुकानातून आणलेला असेल, पण घरात संगणक असतो. मुलगी त्यावर स्पर्धा परीक्षेच्या टिपणी काढते, धाकटा कॉलेजचे प्रोजेक्ट करतो, कोणी घरबसल्या लग्नपत्रिका आणि जयंतीची पत्रके टाईप करून चार पैसे मिळवतो. असे करता करता घराचे सगळे कागद त्या यंत्रात जाऊन बसतात. पूर्वी हे काम पत्र्याची पेटी करीत असे. आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, आईचा जन्मदाखला, घरपट्टीची पावती, एलआयसीचा कागद, सगळे त्या पेटीत, आणि पेटी खाटेखाली.

त्या पेट्यांचे काय झाले हे मराठवाड्यातल्या आपल्या माणसांना वेगळे सांगायला नको. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि पाठोपाठ गावोगाव आपल्या लोकांची घरे जाळली गेली. घर जळाले की पेटीही जळते. पुढे नातवंडांच्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी जात पडताळणीची वेळ आली आणि आजोबांचा एक कागद शोधण्यासाठी किती कुटुंबांना तहसील आणि शाळा यांच्या चकरा माराव्या लागल्या, हे ज्याचे त्याला माहीत. अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० या तारखेला कुटुंब कुठे राहत होते, हे पाहिले जाते. पंचाहत्तर वर्षांहून जुना पुरावा आहे तो. आपल्या भागात तर तो निजाम राजवटीतला असू शकतो, उर्दूत किंवा मोडीत लिहिलेला. असा कागद एकदा हाताला लागला की शहाणे कुटुंब तो स्कॅन करून संगणकात ठेवते. ठीकच करते. पण तेथेच थांबते, म्हणून या आठवड्यात आम्ही हा विषय घेतला आहे.

बहुतेक घरांत विचारले तर उत्तर मिळते, “आमचा बॅकअप आहे, डी ला टाकून ठेवलंय.” हा गैरसमज दुकानातूनच घरात येतो. संगणक फॉरमॅट करायला नेला की दुकानदार सांगतो, तुमचा डेटा डी ड्राइव्हला ठेवलाय, काळजी करू नका. त्याचे म्हणणे त्या कामापुरते खरे असते, कारण तो फक्त सी ड्राइव्ह पुसणार असतो. परंतु सी आणि डी ही बहुतेक घरगुती संगणकांत एकाच हार्ड डिस्कची दोन नावे असतात. एका खोलीत मध्ये पडदा टाकून दोन खोल्या कराव्यात, तसे ते आहे. छप्पर पडले तर दोन्हीकडे पडते. १४ ऑक्टोबर २०२५ पासून (तारीख आपल्या लक्षात राहण्यासारखी आहे) विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीने बंद केला, त्यामुळे जुने संच नवीन प्रणाली टाकण्यासाठी दुकानात नेले जातात. नेण्यापूर्वी प्रत आपण स्वतः घरी काढावी आणि मगच संच दुकानात न्यावा.

दुसरा प्रकार थोडा पुढचा. मुले हुशार असतात, कॅबिनेटमध्ये दुसरी हार्ड डिस्क बसवतात आणि तिच्यावर सगळे उतरवून ठेवतात. काही जण तर दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिले जाईल अशी सोयही करतात. एक डिस्क बंद पडली तर दुसरी चालते, एवढा लाभ आहे. पण विजेचा झटका दोघींना एकदम बसतो, चोर कॅबिनेटच उचलून नेतो, पाणी शिरले तर दोन्हीत शिरते, आणि चुकून पुसलेली फाईल एकसारखे लिहिणाऱ्या दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्यांचे पाणी घराघरांत चढले, तेव्हा कोणत्या फळीवर काय ठेवले आहे हे पाणी पाहत नव्हते.

या गोष्टीचे मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि ते संगणकाच्या शंभर वर्षे आधीचे आहे. अजिंठ्याची लेणी आपण मुलाबाळांसह पाहून येतो. तेथील भिंतींवरची चित्रे झिजत चालली आहेत हे इंग्रजांच्या लक्षात आले, तेव्हा १८४४ साली रॉबर्ट गिल नावाच्या सैन्यातील अधिकाऱ्याची त्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. गिलने जवळजवळ वीस वर्षे हे काम केले. अंधाऱ्या लेण्यांत बसून मोठमोठ्या कापडांवर तेलरंगात त्याने चित्रे उतरवली आणि ती लंडनला रवाना झाली. तेथे सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती लोकांना पाहण्यासाठी टांगली. १८६६ च्या डिसेंबरात त्या इमारतीला आग लागली. वीस वर्षांच्या कामापैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रे उरली, तीही त्या दिवशी तेथे टांगलेली नव्हती म्हणून.

मग मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा तेच काम आरंभिले. हे विद्यार्थी आपल्या देशातले, मुंबईचे तरुण. दरवर्षी अजिंठ्याला यायचे, मुक्काम करायचे, चित्रे उतरवायची, असे १८८५ पर्यंत चालले. या नकलाही लंडनलाच गेल्या, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात. आणि १८८५ साली तेथेही आग लागून त्यातल्या पुष्कळ नकला नष्ट झाल्या. एवढे होऊनही ग्रिफिथ्स यांच्या कामातले बरेच आज पाहायला मिळते, त्याची दोन कारणे आहेत. एक तर सगळ्या नकला त्या आगीत सापडल्या नाहीत. दुसरे म्हणजे १८९६ आणि १८९७ साली त्यांनी या चित्रांचे दोन खंड छापले, आणि छापलेले पुस्तक एका घरात राहत नाही, ते अनेक ग्रंथालयांत जाते. दरम्यान मूळ भिंतीवरचा रंग उडत गेला, पोपडे पडले. काही ठिकाणी मूळ चित्र गेले आहे आणि ते कसे होते हे केवळ उरलेल्या नकलांवरून कळते.

नकला काढणाऱ्यांच्या कष्टात काही कमी नव्हते. सगळ्या एका छपराखाली ठेवल्या, घात तेथे झाला. बाबासाहेबांच्या आयुष्यातही असा प्रसंग आहे. १९१७ साली ते लंडनहून परतले तेव्हा त्यांचा ग्रंथसंग्रह दुसऱ्या जहाजाने पाठवला होता. पहिले महायुद्ध चालू होते. जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडविले आणि ग्रंथ समुद्रात गेले. माणूस सुखरूप आला हे आपले भाग्य. त्या काळी एका विद्यार्थ्याला आपल्या सामानाची दुसरी प्रत काढणे शक्यच नव्हते. आज ते अर्ध्या तासाचे काम आहे.

आता हार्ड डिस्क म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. तिच्या पेटीत चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या असतात. घरगुती संचात त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीक टोक, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतर राखून, न टेकता सरकत असते. धक्का बसला, टोक टेकले, की चकतीवर ओरखडा. पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ च्या सप्टेंबरात जगापुढे आणली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या आधी महिनाभर. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या, यंत्राचे वजन टनाच्या घरात, आणि मावत होती सुमारे ५० लाख अक्षरे. आज मोबाईलवर काढलेल्या एका चांगल्या फोटोलाही ती अपुरी पडावी. नवीन संचात चकत्या नसलेली एसएसडी येते. ती धक्क्याने लवकर बिघडत नाही, वेगही चांगला. पण बिघडते तेव्हा पुष्कळदा आधी कसलाही आवाज न करता, एकाएकी बिघडते, आणि तिच्यावरून पुसलेली फाईल परत मिळण्याची आशा चकतीच्या डिस्कपेक्षा कमी असते. वीज न देता ती वर्षानुवर्षे कपाटात ठेवणेही बरे नाही. कोणतीही डिस्क घ्या, कंपनी वॉरंटी देते ती डिस्कची. बिघडली तर नवी कोरी डिस्क मिळेल, आतला आजोबांचा फोटो मिळणार नाही.

जाणकार मंडळी तीन-दोन-एकचा नियम सांगतात. कागदाच्या एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. आपल्या घरासाठी याचा अर्थ असा. एक प्रत संगणकात आहेच. दुसरी बाहेरून यूएसबीने जोडायच्या हार्ड डिस्कवर. तिसरी, फक्त महत्त्वाच्या कागदांची, पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह परगावी. ज्याला हार्ड डिस्क परवडत नाही त्याने दोन पेन ड्राइव्ह घ्यावेत. काही शे रुपयांत काम होते आणि घराचे सगळे कागद त्यात आरामात बसतात. चित्रपट आणि गाणी यांची प्रत काढत बसू नये, ती पुन्हा कोठेही मिळतात. आपल्या आईचा आवाज, वडिलांचा सेवापट, मुलाची मार्कलिस्ट, जुन्या मोर्चाचे फोटो, हे दुसरीकडे मिळत नाही, ते आधी.

परगावी म्हणजे कोठे? जालन्याला दिलेली बहीण असेल, पैठणला मामा असतील, पुण्याला नोकरीला गेलेला भाऊ असेल. आपला पेन ड्राइव्ह त्यांच्या कपाटात आणि त्यांचा आपल्या कपाटात, अशी अदलाबदल करावी. दिवाळीच्या सुटीत, लग्नकार्यात गाठ पडते तेव्हा जुना परत घ्यायचा, नवा द्यायचा. आमच्या मते आपल्या समाजात नात्यांचे जे जाळे आहे, ते या कामाला कोणत्याही यंत्राइतकेच उपयोगी आहे. बँकेचे पासवर्ड मात्र त्यात टाकू नयेत. पेन ड्राइव्ह हरवू शकतो.

घरच्या हार्ड डिस्कवर प्रत किती दिवसांनी काढायची, असे विचारले जाते. इंग्रजी वर्तमानपत्रांत ३१ मार्च हा बॅकअपचा जागतिक दिवस म्हणून छापून येतो, परंतु वर्षातून एकदा हे फारच कमी. आपण पौर्णिमेला विहारात जातो. विहारातून आल्यावर डिस्क जोडायची, महिन्याभरात काय नवे आले ते उतरवायचे आणि डिस्क काढून ठेवायची. तिथी चुकत नाही आणि वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

डिस्क काढून ठेवायची, हे शब्द आम्ही मुद्दाम लिहिले आहेत. पुष्कळ जण ती मागे लावूनच ठेवतात. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला होता. तो संगणकातील फाईलींना कुलूप लावी आणि किल्लीसाठी खंडणी मागे. तसले व्हायरस अजूनही येतात. संगणकाला जे जे जोडलेले असेल त्या सगळ्याला ते कुलूप लावतात, तेव्हा जोडलेली प्रतही हाती राहत नाही. आणखी एक. झेरॉक्सच्या दुकानात, सेतू केंद्रात जो पेन ड्राइव्ह नेतो, तो वेगळा ठेवावा. त्या संगणकांना दिवसभर पन्नास जणांचे पेन ड्राइव्ह लागतात. तेथून व्हायरस आला की फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसू लागतात, हा अनुभव ज्याला नाही असा विद्यार्थी विरळा.

शॉर्टकटवरून आठवले. डेस्कटॉपवर जे चित्र दिसते, त्याच्या कोपऱ्यात छोटा बाण असेल तर ती फाईल नव्हे, फाईलकडे जाणारी वाट आहे. तेवढेच उचलून पेन ड्राइव्हवर टाकले तर पाटी जाते, घर जागेवरच राहते. म्हणून प्रत काढल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. मूळ फोल्डरवर आणि प्रतीवर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज पाहिले तर किती फाईली आहेत तो आकडा दिसतो. दोन्हीकडे आकडा सारखा हवा. शिवाय चार-दोन फाईली प्रत्यक्ष उघडाव्यात, कारण नाव दिसते आणि चित्र उघडत नाही असेही होते.

आता मराठी टायपिंगचे काम करणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर, कारण त्यांची अडचण वेगळी आहे. युनिकोड सर्वत्र येण्यापूर्वी आपल्याकडे श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतीदेव अशा फॉन्टांत काम चाले, आणि छपाईच्या धंद्यात अजूनही चालते. जयंती मंडळाचे अहवाल, गायन पार्टीची गाणी, वधू-वर सूची, स्मरणिका, कितीतरी मजकूर त्यात पडून आहे. या फाईलींची गंमत अशी की आत मराठी अक्षरे नसतातच. आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात, फॉन्ट त्यांना मराठीचे रूप देतो. फाईल जपून ठेवली आणि फॉन्ट राहिला नाही, तर दहा वर्षांनी उघडल्यावर नुसती गिचमिड दिसेल. म्हणून अशा प्रत्येक कामाच्या तीन गोष्टी एका फोल्डरात ठेवाव्यात: मूळ फाईल, वापरलेला फॉन्ट आणि पीडीएफ. पीडीएफ करताना फॉन्ट आत बसतो, त्यामुळे ती कोणत्याही यंत्रावर जशीच्या तशी दिसते. सवड मिळेल तसा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरे तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

मोबाईलवाले म्हणतील, आमचे सगळे गुगलवर जाते. ती सोय चांगली आहे, वापरावी. परंतु तेथे फुकट जागा १५ जीबीच आहे, आणि १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यात मोजले जातात. जागा भरली की फोटो चढायचे थांबतात. जागा करायची म्हणून मोबाईलमधून फोटो पुसले तर पुष्कळदा गुगलवरूनही पुसले जातात, कारण दोन्हीकडे एकच यादी चालते. दोन वर्षे खाते उघडलेच नाही तर कंपनी ते काढूनही टाकू शकते. आणि घरातल्या कर्त्या माणसाच्या पश्चात पासवर्ड कोणाला माहीत असतो? पासवर्ड वहीत लिहून वही पत्नीच्या किंवा मोठ्या मुलीच्या हाती द्यावी. डिजिलॉकरमध्ये आधार, दहावी-बारावीच्या मार्कलिस्ट मिळू शकतात. आजोबांच्या शाळेचा उतारा मात्र तेथे नाही, तो आपल्याकडेच आहे. तो स्कॅन करताना मागची बाजूही करावी आणि रजिस्टर क्रमांक, शाळेचे नाव, दाखला दिल्याची तारीख स्पष्ट वाचता येते की नाही ते पाहावे. पडताळणीला स्कॅन पुरत नाही, मूळ कागद लागतो. पण मूळ हरवला तर त्या क्रमांकाच्या आधारे शाळेकडे दुसरी नक्कल मागता येते.

एवढे करूनही प्रत काढण्याआधीच डिस्क बिघडली तर? चकतीच्या डिस्कमधून टक-टक असा आवाज येऊ लागला की संगणक लगेच बंद करावा. चालतोय का ते पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा सुरू केला की ओरखडे वाढत जातात. डिस्क घरी उघडू नये; धुळीचा कण पुरे होतो. डेटा काढून देणारे जाणकार असतात, खर्च हजारांत जातो आणि हमी नसते, म्हणून आधी भाव विचारावा आणि डिस्कवर इतके मोलाचे आहे का ते घरात बसून ठरवावे. फाईल चुकून पुसली गेली असेल तर त्या डिस्कवर नवे काहीही लिहू नये, परत मिळवण्याचे सॉफ्टवेअरही तिच्यावर टाकू नये. पुसले म्हणजे बहुधा यादीतले नाव खोडलेले असते, मजकूर काही काळ जागेवर असतो. त्या जागेवर दुसरे लिहिले गेले की मग तो जातो.

शेवटी लग्नाच्या सीडींविषयी. १९९८-२००० पासून पुढे ज्यांची लग्ने झाली त्यांच्या कपाटात सीडी, डीव्हीडी आहेत, त्याआधीच्यांकडे व्हिडिओ कॅसेट. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. ओळखीत कोणाकडे जुना डीव्हीडी ड्राइव्ह असलेला संगणक असेल तर या उन्हाळ्यात बसून त्या उतरवून घ्याव्यात. चंदेरी थर ठिपके पडून उडू लागला की वाचता येत नाही. कॅसेटला बुरशी लागली असेल तर ती घरच्या प्लेअरमध्ये घालू नये, तसले काम करणाऱ्या स्टुडिओवाल्याकडे द्यावी. उतरवलेल्या फाईलीला “नवीन फोल्डर” असे नाव न देता वर्ष, गाव आणि वधू-वरांची नावे लिहावीत, आणि चित्रीकरणात दिसणाऱ्या वडीलधाऱ्यांची नावे जाणत्या आजीला विचारून एका कागदावर उतरवून त्याच फोल्डरात ठेवावीत.